पाण्यातले दिवे, भिंतीवरच्या फरशा : सोलच्या चॉन्गग्येचॉनकाठी

माझी ताई मातीकाम करते. चाक, भट्टी आणि झिलई हे तिचं जग. तिच्यासोबत कुठल्याही शहरात गेलं की भिंतींना हात लावत लावत चालावं लागतं. सोलचं ठरलं तेव्हा राजवाडे, के-पॉप, खरेदी या सगळ्यावर तिने एका दमात फुली मारली. "त्या ओढ्याच्या भिंतीवर पाच हजार फरशांचं एक चित्र आहे म्हणे. तेवढं मला नीट बघू दे, बाकी तू नेशील तिथे येते." मला डिसेंबरात तिथे लागणारे कागदी कंदील बघायचे होते. ओढा एकच, त्यामुळे भांडण मिटलं.

ओढ्याची गोष्ट आधी थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं लागणार नाही. चॉन्गग्येचॉन सोलच्या ऐन मध्यातून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. चौदाव्या शतकाच्या शेवटी इथे राजधानी वसली, तेव्हापासून गावाचं सांडपाणी त्यातच. कोरियन युद्धानंतर काठावर निर्वासितांच्या झोपड्या उभ्या राहिल्या, पाणी काळं पडलं, आणि १९५८ पासून तो काँक्रीटखाली झाकायला घेतला. वरून रस्ता झाला, त्याच्याही वर उन्नत मार्ग, तो १९७६ पर्यंत पुरा झाला. रोज दीड लाखाहून जास्त गाड्या तिथून जायच्या. मग जुलै २००३ मध्ये महापौर ली म्यॉन्ग-बाक यांनी हे सगळं तोडायला काढलं आणि १ ऑक्टोबर २००५ ला ओढा पुन्हा उघडा झाला. ५.८ किलोमीटर लांब, २२ पूल, तिकीट नाही. काठाकाठाने कलाकृती मांडल्या आहेत, काही कायमच्या, काही हंगामी. आम्ही वरून खाली, पाण्याबरोबर चालत गेलो.

प्रवासाच्या तयारीबद्दल एवढंच की भारतीयांना व्हिसा लागतो, तो वेळेत काढा.

गुरुवार : उगम, शंख आणि कंदील

हॉटेल जोंगनो भागात होतं. सामान टाकलं, दोन स्वेटर चढवले आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास चॉन्गग्ये चौकात पोचलो. तापमान उणे नऊ. बोलताना दात एकमेकांवर आपटत होते.

चौकात स्वागताला एक २० मीटर उंच लाल-निळा पिळदार शंख उभा आहे. त्याचं नाव 'स्प्रिंग'. रोजच्या वापरातल्या वस्तू अवाढव्य करून उभ्या करणारं जोडपं, क्लेस ओल्डनबर्ग आणि कोशे व्हान ब्रुगेन, यांनी तो २००६ मध्ये केला. खर्च एका दूरसंचार कंपनीने उचलला. परदेशी कलाकाराला थेट काम दिलं, इथल्या कोणाला विचारलं नाही, म्हणून कोरियन कलावंतांनी तेव्हा बरीच आरडाओरड केली होती. आत लटकणाऱ्या दोन फिती हानबोक या पारंपरिक पोशाखाच्या फितींवरून सुचल्या, असं म्हणतात. ताईने शंखाला एक फेरी मारली आणि म्हणाली, "चांगलाय. पण विमानतळावरही चालला असता." माझं मत तिच्याहून फार वेगळं नाही. रात्री उजेडात तो देखणा दिसतो, फोटोही छान येतो. मात्र खाली वाहणाऱ्या पाण्याशी त्याचं काही बोलणं चाललंय असं वाटत नाही.

शंखाच्या पायथ्याशी पाणी धबधब्यासारखं खाली कोसळतं. तिथेच देशाच्या आठ प्रांतांतून आणलेले आठ दगड बसवले आहेत. लोक पाण्यात नाणी टाकतात, ती नंतर गोळा होऊन मदतनिधीला जातात. पायऱ्या उतरून खाली गेलं की रस्ता एकदम डोक्याच्या वर जातो आणि गाड्यांचा आवाज विरतो. गर्दीच्या शहरात पाच-सहा मीटर खाली उतरण्याने एवढा फरक पडतो, हे मला तिथे उभं राहिल्यावरच पटलं.

आणि मग कंदील. पाण्यातच उभे केलेले. वाघ, ढोल वाजवणारे, टोप्या घातलेले दरबारी, मोठाली फुलं, माणसापेक्षा उंच. २००९ पासून इथे हा कंदीलमहोत्सव भरतो. पूर्वी नोव्हेंबरात असायचा, अलीकडे डिसेंबर-जानेवारीत असतो. लांबून सगळं जत्रेतल्यासारखं झगझगीत दिसतं, म्हणून ताई नाक मुरडतच उतरली. मग एका वाघासमोर ती जी थांबली ती हलेना. आत लोखंडी तारेचा सांगाडा, त्यावर हान्जी चिकटवलेला. हान्जी म्हणजे तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून केलेला हातकागद. उजेड आतून येत असल्यामुळे कागदातला धागा न् धागा दिसत होता. जिथे दोन तुकडे एकमेकांवर चढले होते तिथे गडद रेघ, आणि वाघाचे पट्टे रंगवताना कारागिराने या रेघाच वापरून घेतल्या होत्या. "बघ, जोड लपवला नाही, कामाला लावला," ताई म्हणाली. वाघाचे लोखंडी पाय पाण्यात जिथे शिरत होते तिथे बर्फाची पातळ झालर धरली होती आणि तिच्यातून तोच केशरी उजेड फुटत होता.

आम्ही कुडकुडतोय हे बघून शेजारच्या एका मध्यमवयीन बाईने स्वतःच्या खिशातून गरम पुडी काढून ताईच्या हातात कोंबली. ही लोखंडाच्या भुकटीची छोटी पिशवी असते, हलवली की तासन्‌तास गरम राहते. आम्ही नको नको म्हणतोय तोवर ती बाई नवऱ्याला ओढत पुढे निघूनही गेली.

थोडं खाली ग्वांगथोंग्यो हा जुना दगडी पूल लागतो. माझ्या मते या पहिल्या टप्प्यातली सगळ्यात जबर कलाकृती हीच, आणि ती कोणी कलाकृती म्हणून केलेलीच नाही. थेजोंग राजाचं आपल्या सावत्र आईशी, सिनदॉक राणीशी, हाडवैर होतं. ती गेल्यावर त्याने तिची समाधी शहराबाहेर हलवली आणि १४१० मध्ये हा पूल बांधताना त्या समाधीचे कोरीव दगड इथे लावले. त्यातले काही उलटे. पुलाखाली जाऊन बघितलं तर ढगांची वळणदार नक्षी आणि हात जोडलेली एक दैवी आकृती डोकं खाली, पाय वर अशी दिसते. रोज हजारो लोकांनी तिच्या दगडांवरून चालावं, अशी व्यवस्था. पूल झाकला गेला तेव्हा ही नक्षीही काँक्रीटखाली गाडली गेली, त्यामुळे दगड फारसा झिजला नाही. आता तो मूळ जागेपासून थोडा वरच्या अंगाला उभारलाय.

जाणाऱ्यांसाठी : कंदील सहानंतर लागतात आणि दहाच्या आत मावळतात, शनिवार-रविवारी मुंगीलाही वाट मिळत नाही, म्हणून मधल्या वारी जा. चौकाला सगळ्यात जवळचं स्टेशन मेट्रोच्या पाच नंबर मार्गावरचं ग्वांगह्वामुन. गरम पुड्या कुठल्याही छोट्या दुकानात मिळतात, एक पुडी बुटातही घाला. गूगलचे नकाशे तिथे पायी रस्ता नीट दाखवत नाहीत, 'नेव्हर मॅप' उतरवून ठेवा.

शुक्रवार : फरशांचा राजा आणि लाल पेज

सकाळी ताई माझ्या आधी तयार. ग्वांग्यो पुलाच्या पुढे उत्तरेच्या भिंतीवर ते चित्र सुरू होतं. एकूण ५,१२० फरशा, लांबी १९० मीटरच्या आसपास. सन १७९५ मध्ये जॉन्गजो राजा आईला साठीच्या सोहळ्यासाठी ह्वासॉन्गला, म्हणजे आजच्या सुवॉनला, घेऊन गेला. तिथे त्याच्या वडिलांची समाधी होती. त्या मिरवणुकीचं दरबारी नोंदवहीतलं हे चित्र मोठं करून भिंतीवर चढवलंय. माणसं १,७७९ आणि घोडे ७७९. मी मोजले नाहीत, ताईने पहिले शंभर-एक मोजले असतील.

बघायला सोपं वाटतं, कारण आकृत्या छोट्या आणि रंग फिके. पण तासभर कसा गेला कळलं नाही. एक घोडा मागे वळून बघतोय. एक झेंडेकरी शेजाऱ्याशी गप्पा मारतोय. वाजंत्र्यांची अख्खी पलटण घोड्यावर बसून फुंकतेय, गाल फुगलेले. ताईचा जीव मात्र सांध्यांत. एका फरशीवरची रेघ शेजारच्या फरशीवर कुठेही तुटत नाही. भट्टीत प्रत्येक फरशी थोडी आक्रसते, कमी-जास्त आक्रसते, त्यामुळे एवढ्या फरशांवर रेघा जुळवणं म्हणजे काय, हे ती मला सांगत होती आणि मी हातमोज्यात बोटं चोळत हो हो करत होते.

तेवढ्यात एक आजोबा नातवाला घेऊन आले. नातू सहा-सात वर्षांचा. आजोबा त्याला काहीतरी शोधायला सांगत होते आणि पोरगं भिंतीला नाक लावून पळत होतं. आम्ही बघतोय म्हटल्यावर त्यांनी फोनवर कोरियनमध्ये बोलून आम्हाला इंग्रजी भाषांतर दाखवलं : राजा शोधा. आम्ही शोधला. आईची पालखी सापडली, छत्र्या सापडल्या, पहारेकरी सापडले. राजा नाही. शेवटी पोरानेच ताईच्या कोटाची बाही धरून नेलं आणि बोट ठेवलं. छत्राखाली खोगीर घातलेला एक घोडा, त्यावर कोणीच नाही. राजाचं शरीर चित्रात काढायचं नाही अशी दरबाराची रीत होती, म्हणून जागा मोकळी. एवढा सगळा लवाजमा एका रिकाम्या खोगिराभोवती चाललाय. आजोबा खुदुखुदु हसत होते. बहुतेक ते हा खेळ भेटेल त्या प्रत्येकाशी खेळत असावेत.

या मिरवणुकीमागची गोष्ट माहीत असेल तर चित्र वेगळंच दिसतं. जॉन्गजोच्या आजोबांनी, यॉन्गजो राजाने, १७६० मध्ये याच ओढ्यातला गाळ काढला. ५७ दिवस काम चाललं, हजेऱ्या मिळून दोन लाखांच्या घरात. प्रजेला जपणारा राजा म्हणून त्याचं नाव आहे. याच राजाने दोनच वर्षांनी स्वतःच्या मुलाला, सादो युवराजाला, तांदळाच्या पेटाऱ्यात कोंडून मारलं. तो मुलगा म्हणजे जॉन्गजोचे वडील. भिंतीवरची मिरवणूक जिच्यासाठी निघाली ती आई म्हणजे त्या युवराजाची बायको. आजोबांनी उपसलेल्या ओढ्याच्या भिंतीवर नातवाने वडिलांच्या समाधीकडे नेलेली वरात. कोणी मुद्दाम हे जुळवलं की आपोआप जुळलं, देव जाणे.

दुपारी थंडी पोटात शिरली आणि आम्ही ग्वांगजांग बाजारात घुसलो. काठापासून दोन मिनिटांवर. आत छपराखाली वाफच वाफ. दगडी जात्यावर भिजवलेले मूग दळले जातायत, जातं विजेवर फिरतंय, त्यातून पिवळसर पीठ ओघळतंय आणि ते तेलाच्या तळ्यात पळीपळीने पडतंय. बिनदेत्तॉक म्हणजे आपलं मुगाचं धिरडंच, फक्त बोटभर जाड आणि जवळजवळ तळलेलं. बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ, सोबत सोया सॉसमधला कच्चा कांदा. पाच-सहा हजार वॉनला एक, दोघींना पुरेसं. शाकाहारी मंडळींनी मात्र विचारून घ्यावं, काही ठिकाणी पिठात डुकराचे तुकडे असतात. 'गोगी पेजुसेयो' म्हणजे मांस घालू नका, एवढं पाठ केलं की निभावतं. मत्स्यसॉस आणि सुकटीचं पाणी कशात असेल याचा मात्र नेम नाही.

आश्चर्य पुढे होतं. प्रत्येक दुसऱ्या गाळ्यावर गर्द तांबड्या रंगाची पेज उकळत होती आणि लोक रांगा लावून घेत होते. त्या दिवशी दोंगजी होती, वर्षातली सगळ्यात मोठी रात्र. या दिवशी लाल चवळीसारख्या दाण्यांची फात्जुक नावाची पेज खायची रीत आहे. लाल रंगाला भुतं भितात. पेजेत तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या गोळ्या पोहत असतात. गाळ्यावरच्या आजींनी ताईच्या वाडग्यात गोळ्या घालता घालता तिच्याकडे बघून काहीतरी विचारलं. शेजारच्या मुलीने सांगितलं, वय विचारतायत, वयाएवढ्या गोळ्या खायच्या असतात. ताईने बोटांनी वीस दाखवले. आजी एवढ्या मोठ्याने हसल्या की पलीकडच्या गाळ्यावरची बाई वाकून बघायला लागली. पेज गोड नसते, मीठही जेमतेम. साखर शेजारी ठेवलेली असते, लाजू नका.

बाजारातून पुढे गेलं की काठाला लागून कपड्यांचे लांबच लांब घाऊक बाजार आहेत. तिथल्या एका पुलावर छातीपर्यंतचा एक ब्राँझचा तरुण उभा आहे. जॉन थे-इल. इथल्या प्योंगह्वा बाजारातल्या माळ्यांवर कोवळ्या मुली चौदा-चौदा तास शिवणकाम करायच्या. हा शिंपीकामगार त्यांच्यासाठी कामगार कायद्याची पुस्तिका घेऊन दारोदार फिरला, कोणी दाद दिली नाही, आणि १३ नोव्हेंबर १९७० रोजी त्याने स्वतःला पेटवून घेतलं. वय २२. पुतळा पादचाऱ्यांच्या उंचीला आहे, चौथरा असा नाहीच. आजूबाजूच्या फरसबंदीत लोकांनी लिहून दिलेल्या मजकुराच्या धातूच्या पट्ट्या बसवल्या आहेत, त्यामुळे नकळत आपण त्यांच्यावरून चालतो. कोणीतरी त्याच्या गळ्यात लोकरीचा मफलर गुंडाळला होता. मागून हमाल टोप्यांच्या गठ्ठ्यांची मोटारसायकल घेऊन "बाजूला, बाजूला" करत जात होते. शहराने ओढा नटवताना हा माणूस वगळला नाही, हे मला मनापासून आवडलं.

संध्याकाळी दोंगदेमुन भागातली, वास्तुरचनाकार झाहा हादीदची इमारत बघितली. २०१४ ची, ४५,१३३ ॲल्युमिनियमचे पत्रे. प्रचंड आहे. आत फिरलो, पाय दुखले, परत आलो.

शनिवार : वीस हजार लोक आणि तीन खांब

या दिवशीची पर्यटक गर्दी वरच्या टोकालाच अडकते, त्यामुळे दोंगदेमुनच्या खाली काठ जवळजवळ मोकळा होता. ओगान्सुग्यो पुलापाशी पाच कलाकारांच्या मातीच्या मोठ्या भित्तिचित्रांची 'संस्कृतीची भिंत' आहे. ताईने त्यातल्या एकाच्या झिलईवर नाराजी व्यक्त केली. कारण मला कळलं नाही आणि मी विचारलंही नाही, विचारलं की अर्धा तास जातो.

खरी मजा ह्वांगहाक पुलाच्या पुढे. ओढ्याच्या दोन्ही भिंतींवर तळहाताएवढ्या फरशा, वीस हजार लोकांनी एकेक रंगवलेली. नाव 'इच्छांची भिंत'. कोणी घर काढलंय, कोणी मासा, कोणी नुसता हाताचा ठसा. एका फरशीवर दोन नावं आणि मधे बदाम, त्याच्या खालच्या फरशीवर पोराने काढलेला डायनोसॉर, तोंड त्या बदामाकडे उघडलेलं. बहुतेक योगायोग. रंगकामाच्या दृष्टीने यात दम नाही, कबूल. तरी आदल्या दिवशी राजाच्या मिरवणुकीसमोर तासभर उभी राहिलेली ताई इथे त्याहून जास्त वेळ रेंगाळली. एका फरशीची कड उडाली होती, तिच्यावरून ती बोट फिरवत राहिली. "ज्याची आहे तो अजून येऊन बघत असेल का गं?" काय सांगणार.

त्याच्या पुढे पात्र रुंद होतं, गवत वाढतं आणि पाण्याच्या मधोमध तीन काँक्रीटचे खांब दिसतात. वर काही नाही. उन्नत मार्ग पाडताना मुद्दाम ठेवलेले. वरची कड कापलेली, तुटलेली, बाहेर आलेल्या लोखंडाला गंज. रस्ता कसा होता हे सांगायला फलक आहे, पण गरज नाही. त्यांच्या उंचीकडे बघितलं की माथ्यावरून गाड्या जायच्या म्हणजे नेमकं कुठून, हे मानेलाच समजतं. खांबाच्या सावलीत दोन बदकं गोठलेल्या कडेवर पाय घसरत चालली होती. अख्ख्या काठावर एकच काम निवडायला सांगितलं तर मी हे खांब निवडीन. करायला काही लागलं नाही, फक्त सगळं पाडताना कोणीतरी "हे तीन राहू द्या" म्हणालं.

दुपारी चॉन्गग्येचॉन संग्रहालय. फुकट. आतलं प्रदर्शन वरच्या मजल्यावरून खाली उतरत जातं. झाकलेल्या ओढ्याच्या काळोख्या गटाराचं मोठं मॉडेल आहे, त्यात डोकं घालून बघता येतं. तिथले एक स्वयंसेवक निवृत्त अभियंता होते, इंग्रजी उत्तम. मी त्यांना माझी शंका विचारली, जी पहिल्या रात्रीपासून डोक्यात होती : एवढ्या थंडीत, पाऊस नसताना, एवढं पाणी येतं कुठून?

"पंपाने," ते शांतपणे म्हणाले. रोज सुमारे १ लाख २० हजार टन. बहुतेक पाणी हान नदीतून उचलून नळांनी उगमापर्यंत नेतात, उरलेलं मेट्रोच्या बोगद्यांत झिरपणारं. मूळचा ओढा पावसाळा सोडला तर जवळपास कोरडाच असायचा. सरासरी खोली ४० सेंटीमीटर राहील असा हिशोब. भिंतींत ज्या झडपा दिसतात त्या जोराच्या पावसात उघडतात आणि मागच्या गटारांचं पाणी ओढ्यात येतं, म्हणून पाऊस सुरू झाला की भोंगा वाजवून लोकांना वर काढतात. पर्यावरणवाले याला 'काँक्रीटचं मत्स्यालय' म्हणतात, हेही त्यांनीच सांगितलं. मग लगेच दुसरी बाजूही मांडली : उन्हाळ्यात काठावरची हवा शेजारच्या रस्त्यांपेक्षा तीन ते सहा अंशांनी थंड असते, मासे आणि पक्षी आले, आणि वाहतूक कोलमडेल म्हणत होते ती कोलमडली नाही. काठावरच्या फेरीवाल्यांचं काय झालं विचारल्यावर ते जरा थांबले. त्यांना आधी दोंगदेमुनच्या जुन्या स्टेडियमवर हलवलं. मग तिथे ती झाहा हादीदची इमारत यायची म्हणून तिथूनही उठवलं.

बाहेर पडल्यावर आम्हा दोघींत वाद झाला. मी म्हटलं, विजेवर चालणाऱ्या पाण्याला पुनरुज्जीवन कसं म्हणायचं, हीच सगळ्यात मोठी मांडणी-कलाकृती झाली, साडेपाच-सहा किलोमीटरची. ताई म्हणाली, "मग काय बिघडलं? भट्टी तरी आपोआप पेटते का?" समोरच्या काठावर झोपड्यांची प्रतिकृती केली होती, लाकडी फळ्यांची, पाण्यावर खांब रोवून. आत जुनं शाळेचं बाक, शेगडी, खेळणी. तरुण मंडळी जुने गणवेश घालून फोटो काढत होती. ते बघून माझा वाद थोडा पुढे सरकला आणि ताईचा थोडा मागे. जिथे लोक घाणीत दिवस काढत होते तिथे गोड आठवणींचं दुकान मांडलं होतं.

जाणाऱ्यांसाठी : संग्रहालय सोमवारी बंद. दोन नंबर मार्गाच्या फाट्यावरचं योंगदू स्टेशन जवळचं. दोंगदेमुनपासून इथपर्यंत चालत थांबत तीन तास धरा. खालच्या टप्प्यात खाण्यापिण्याची दुकानं काठावर नाहीत, पाणी आणि काहीतरी चघळायला जवळ ठेवा. स्वच्छतागृहं काठावर कमी आहेत, संग्रहालयातलं किंवा मेट्रोतलं वापरा.

रविवार : परत न आलेला पूल आणि जिथे सजावट संपते

सकाळी जांगचुंगदान बागेत गेलो, तीन नंबर मार्गावरचं दोंगगुक विद्यापीठ स्टेशन. इथे सुप्योग्यो आहे, ओढ्यावरचा जुना पाणीमापकाचा पूल. सेजोंग राजाच्या काळात, १४४१ मध्ये, ओढ्याची पातळी मोजायला खुणांचा खांब लावण्याची पद्धत सुरू झाली, आणि त्यावरूनच पुढे या पुलाला नाव मिळालं. ओढा झाकला तेव्हा १९५९ मध्ये पूल तिथून हलवला आणि पुढे १९६५ मध्ये इथे आणला. ओढा उघडला तरी तो परत गेला नाही. ओढ्यावर त्याच नावाचा नवा पूल बांधलाय आणि हा इथे बागेतल्या छोट्या नाल्यावर उभा, बायका हातात कुत्र्याची साखळी धरून त्याच्यावरून जातात.

खाली उतरून खांब बघा. एका खांबावर चार अक्षरं कोरली आहेत. १७६० च्या उपशानंतर यॉन्गजोने ती कोरवली, पुढे गाळ साचला तर कुठपर्यंत काढायचा याची ही खूण. पाण्याचा दाब कमी व्हावा म्हणून खांब सरळ न ठेवता त्यांचे कोन प्रवाहाकडे करून बसवलेत. ताईने हातमोजा काढला आणि अक्षरांच्या खाचेत बोट घातलं. उणे सहा अंशांत. म्हणाली, दगड मातीपेक्षा हट्टी.

दुपारी परत योंगदूला उतरलो आणि गोसांजाग्यो या शेवटच्या पुलाच्या पुढे निघालो. इथे नटवलेला ओढा संपतो. भिंती जातात, दिवे जातात, वाळकी लव्हाळी आणि विलोची झाडं सुरू होतात. डोक्यावर कुठे कुठे महामार्गांचे खांब अजूनही आहेत, ते मात्र वापरात. सायकलवाले सूं सूं करत जातात, सांभाळून चाला. वारा उघड्यावर फार बोचतो. अर्ध्या-पाऊण तासाने चॉन्गग्येचॉन जुंगनांगचॉनला मिळतो, आणि तिथे पाण्यावर बदकंच बदकं. हा भाग पक्ष्यांसाठी राखीव आहे. दुर्बीण लावून बसलेल्या एका बाईंनी आम्हाला तीन जाती दाखवल्या. कोरियन नावं मी वहीत देवनागरीत लिहून घेतली, आता वाचताच येत नाहीत.

तिथून जवळच साल्गोजी पूल, १४८३ चा, ७८ मीटर लांब, नुसते दगड आडवे टाकल्यासारखा. कठडे नाहीत. फेरीवाला नाही, कंदील नाही, माहितीफलकापाशी एक आजी शेंगा सोलत बसलेल्या. हान्यांग विद्यापीठाचं स्टेशन दहा मिनिटांवर, त्यामुळे थकल्यावर फार चालावं लागत नाही.

पुन्हा गेले तर मी हा सगळा रस्ता उलटा चालेन, आणि तुम्हालाही तेच सांगते. दोन दिवसच असतील तर पहिल्या दिवशी साल्गोजी आणि पक्षी, मग संग्रहालय, मग खांब आणि इच्छांची भिंत, दिवस मावळेपर्यंत दोंगदेमुन. दुसऱ्या दिवशी दुपारी ग्वांगजांगला जेवून वर निघा. मिरवणुकीच्या भिंतीला साडेतीन-चारला उजेड तिरका येतो, फरशांवर चकाकी मारत नाही आणि सांधे स्पष्ट दिसतात, हे ताईचं निरीक्षण. तिथून कंदिलांपाशी पोचेपर्यंत ते लागायची वेळ होते. शंख शेवटी बघा. पाय दुखले असतील तर तोही राहू द्या, मेट्रोच्या जिन्यातून दिसतोच.